इतवारीची डावी बाजू

६ सप्टेंबर २०२०
डँडेनॉन्ग

सुजित,

तुझा फोन बंद असतो, म्हणून कागदावर लिहिते आहे. शैलेंद्रशी बोलले. त्याच्या घराच्या मागच्या खोलीत तू ठीक आहेस, उशिरा उठतोस, फारसं बोलत नाहीस, असं म्हणाला. "वहिनी, टेन्शन घेऊ नका. पडून राहू दे त्याला थोडे दिवस." मी घेत नाही म्हणून सांगितलं.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. मला चव परत आली, वास अजून नाही. सुमेधाची शाळा तिच्या पलंगावरून चालू आहे, कॅमेरा बंद ठेवून. आमच्या दुकानात काम खूप आहे. सगळ्या मेलबर्नला जमिनीवर चिकटवायचे गोल स्टिकर हवे आहेत, दीड मीटर अंतर ठेवा म्हणणारे. मी दिवसभर तेच कापते. मालक म्हणतो इतकं काम त्याने आयुष्यात पाहिलं नाही, आणि मग माझ्याकडे पाहून विषय बदलतो.

आईच्या अस्थी मिळाल्या. शोकेसमध्ये बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवल्या आहेत. विमानं सुरू झाली की नागपूरला नेऊ, असं भास्कर म्हणतो. तो सिडनीहून दर रविवारी फोन करतो. राज्याची बॉर्डर उघडली असती तर बहिणीला भेटायला नाही, तरी आईचं तोंड शेवटचं पाहायला आलो असतो, असं मागच्या रविवारी म्हणाला.

इतवारी, आपलं अर्धं रंगवलेलं जहाजाचं मॉडेल, अजून जेवणाच्या टेबलावरच आहे. आम्ही सोफ्यावर बसून जेवतो. धूळ बसू नये म्हणून तिच्यावर चादर टाकली, तर सुमेधा म्हणाली, "आई प्लीज, ते बॉडीसारखं दिसतंय." म्हणून चादर काढली. पुढच्या टोकाला तू चिकटवलेला प्रिंटरचा गिअर सुटून पडला होता. तो वाटीत ठेवला आहे. मी चिकटवला नाही. बांधणं तुझं आणि रंगवणं माझं, हे आपल्यात विद्यार्थी असल्यापासून ठरलेलं आहे.

तू का गेलास हे मी विचारत नाही. आई गेल्यापासून महिना उलटला, घर लहान आहे, माणसाला जरा मोकळी हवा लागते. पाच किलोमीटरच्या नियमामुळे मला ग्लेन वेव्हर्लीला, शैलेंद्रकडे, येता येत नाही, हे तू सुमेधाला सांगितलंस. ते खरं आहे. पण स्वतःच्या घरी परत येणाऱ्याला नियम आडवा येत नाही, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

तुझं जाड जाकीट वेगळ्या पार्सलने पाठवते आहे.

मानसी


२० सप्टेंबर २०२०

सुजित,

जाकीट मिळाल्याचं शैलेंद्रने कळवलं. घालतोस का, ते त्याला सांगता आलं नाही.

आज इतवारीची उजवी बाजू रंगवायला घेतली. तुला न विचारता. घरात बसून दुसरं काही सुचत नव्हतं, आणि ती करडी बाजू डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

आधी डावी बाजू नीट पाहिली, खिडकीतल्या उजेडात. तू विसरला असशील कदाचित, पण मला एप्रिलमधली ती दुपार पूर्ण आठवते. तुझी शिफ्ट बंद होती. आई खुर्चीत बसून आपल्याला बघत होती, कंपवाताने तिचा उजवा हात मांडीवर हलत होता, जसा नेहमी हलायचा. मी स्पंजच्या तुकड्याने जहाजाच्या कडांवर रंगाच्या उडालेल्या खपल्या काढत होते आणि वैतागले होते. जहाज शंभर वर्षं माल वाहून जुनं झालेलं दिसायला हवं, आणि माझ्या खपल्या एकसारख्या अंतरावर पडत होत्या. माझा हात स्थिर आहे. दुकानात त्याचं कौतुक होतं. पण स्थिर हाताला अपघात करता येत नाही, तो आपोआप नक्षी काढतो.

तू माझ्या हातातला स्पंज घेऊन आईच्या हातात दिलास.

"माझ्या हातून चमचा सांडते, आणि तू मला जहाज देतो?"

"चमचा सांडतो ना, तसंच करायचं आई. नेमकं तेच पाहिजे."

"चाळीस वर्षं पोरांना सरळ रेघ मारा म्हणून ओरडली मी. आता रिटायर झाल्यावर म्हणे वाकडं कर. जावईबापू, तुमच्या देशाची रीतच उलटी."

मग तिने स्पंज टेकवला. तिचा हात थांबायचा नाही, तो आपल्या मर्जीने नाचायचा, आणि कडेवर एक मोठी खपली, मग काही नाही, मग तीन बारीक, मग लांब ओरखडा. खऱ्या गंजासारखं. तू टेबलाला वाकून पाहत होतास आणि म्हणालास, "मानसी, बघ, तू वीस वर्षांत केलं नाहीस असं." मला जरा लागलं होतं ते, खोटं कशाला बोलू. पण आई त्या दिवशी दोन घास जास्त जेवली. मग रोज दुपारी ती विचारायची, आज माझ्या कामावर जायचं का?

जहाजांची नावं तीच ठेवायची, सुरुवातीपासून. नागपूरहून व्हिडिओ कॉलवर ढाचा बघायची आणि आपल्या गावातल्या वस्त्यांची नावं द्यायची. सदर, महाल, सीताबर्डी. या जहाजाला सांगाडा म्हणून सांडपाण्याचा पाइप, टाक्या म्हणून डिओडरंटची झाकणं, आणि पोटावर तिच्याच गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांच्या रांगा, म्हणून ती म्हणाली, "हे माल भरलेलं आहे, इतवारीच्या बाजारासारखं. हे इतवारी."

डिसेंबरात सहा महिन्यांसाठी आली होती ती. विमानं बंद झाली नसती तर जूनमध्ये घरी गेली असती. हे मी रोज एकदा तरी मनात म्हणते. तूही म्हणत असशील.

उजव्या बाजूवर मी आज तीन तास काम केलं. डाव्या हाताने करून पाहिलं, डोळे मिटून करून पाहिलं. वॉलपेपरच्या नक्षीसारखंच दिसतं आहे. सगळं थिनरने पुसून टाकलं. थिनरचा वास आला. थोडाच आला, पण आला.

तू एक ओळ लिही. पोस्टाने लिही, शैलेंद्रच्या फोनवरून लिही, कशीही.

मानसी


४ ऑक्टोबर २०२०

सुजित,

आता मला माहीत आहे.

आधीची दोन्ही पत्रं मी काही माहीत नसल्यासारखी लिहिली, कारण खरंच माहीत नव्हतं. अंदाज होता, पण त्याच्याजवळ मी जात नव्हते. आज भास्करने रविवारचा फोन केला आणि स्वतःच म्हणाला, "ताई, ऑगस्टमध्ये मी सुजितला फोन केला होता. त्याने तुला सांगितलं असेल."

मी म्हटलं, "काय?"

मी 'हॅलो, हॅलो' करत राहिले.

त्याने सांगितलं ते असं. आई घराबाहेर पाऊल टाकत नव्हती, मग तिला लागण झाली कुठून, हा प्रश्न त्याला सोडत नव्हता. वेस्टमीड हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर कोविडचेच नमुने तपासायचे आणि घरी येऊन हाच विचार. म्हणून त्याने आपल्या ग्रुपवरचे जुने फोटो काढले. त्यात तो फोटो होता.

तो मीच काढला होता आणि मीच टाकला होता. तुझ्या कोल्ड स्टोरेजमधला एक जण पॉझिटिव्ह निघाला होता, तुझी टेस्ट झाली होती, रिझल्ट यायला दिवसांमागून दिवस लागत होते. मला सुटी मिळत नव्हती. आईला भरवायला कुणीतरी हवंच होतं. बाहेर लोक सुती रुमाल बांधून फिरत होते, आणि आपल्याकडे खरा मास्क होता, माझा रंगकामाचा, रबरी, दोन्ही गालांवर डबे असलेला. तू तो घालून आईसमोर स्टूलवर बसायचास, जवळ, गुडघ्याला गुडघा लावून, कारण लांबून भरवलं की तिच्या अंगावर सांडायचं आणि तिला त्याची लाज वाटायची. मी कामावरून आले तेव्हा तू तिला वरणभात भरवत होतास आणि ती हसत होती. "बघ गं मानसी, डुकराच्या तोंडाचा जावई मिळाला मला. लेकीच्या घरी जेवू नये म्हणत होती माझी आई. जावयाच्या हातून जेवते हे पाहिलं असतं तर उडालीच असती." तिचं तोंड हसताना पूर्ण उघडं आहे त्या फोटोत. तुझा चमचा मध्ये थांबला आहे.

भास्कर म्हणाला, "ताई, त्या मास्कला खाली झडप आहे. सुजितला मी तेच सांगितलं."

मी फोन ठेवला. गॅरेजमध्ये गेले. मास्क खुंटीवर नव्हता, तू तो खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रांखाली ठेवला होतास. म्हणजे मी बघू नये म्हणून. मी तो चढवला आणि हनुवटीखाली तळहात धरला.

हवा आत येते ती दोन डब्यांतून गाळून. बाहेर जाते ती त्या झडपेतून, जशीच्या तशी. झडप आहे म्हणून तर चष्म्यावर वाफ धरत नाही, दुपारभर फवारा मारला तरी जीव गुदमरत नाही. हे आपल्याला माहीत नव्हतं असं नाही. आपण दोघांनी ती झडप कितीदा काढून साबणाने धुतली आहे. पण आपल्या कामात विष नेहमी बाहेर असतं. लॅकरची वाफ, घासलेल्या प्लॅस्टिकची भुकटी. माणसाच्या आतूनच काही निघेल आणि ते समोरच्याला लागेल, असं आपल्याला कधी वाटलंच नाही. घरात हा मास्क नसता तर तू दाराबाहेर थांबला असतास. मी भांडून सुटी घेतली असती. तो होता म्हणून तू जवळ बसलास.

तळहातावर माझाच श्वास लागत होता. गरम.

मी भास्करला परत फोन केला नाही. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, 'ताई, कुणीतरी सांगायलाच हवं होतं.' मला वाटतं, सांगायला नको होतं. आणि मला वाटतं की मला आधी सांगायला हवं होतं. दोन्ही वाटतं. त्याला आईला शेवटचं लॅपटॉपवर पाहावं लागलं, भन्तेजींची वंदना मध्येच अडकत होती, त्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते मी समजू शकते. पण आज नाही.

सुमेधा विचारते, बाबा कधी येणार. तिला मी काय सांगू ते तू सांग. परवा तिच्या मैत्रिणीने बाबांबद्दल विचारलं असावं, मी दाराबाहेरून ऐकलं, "नो, ही इज नॉट डेड. ही इज इन ग्लेन वेव्हर्ली."

मानसी


११ ऑक्टोबर २०२०

सुजित,

हे पत्र पोस्टाने नाही. फोटो काढून शैलेंद्रच्या मोबाईलवर पाठवते आहे, तुझ्यासमोर बसून तुला वाचायला लाव, असं त्याला सांगितलं आहे. तो तिथेच बसला असेल. बसू दे.

तू सोबत नेलेली तुझी सगळी हत्यारं त्याला दिलीस. बारीक करवत, पट्ट्या, ती जर्मन चिमटी जिला तू सुमेधाला हात लावू देत नव्हतास. "मला लागणार नाहीत," म्हणालास. तो बिचारा आधी खूश झाला, मग त्याच्या बायकोने त्याला खडसावलं, मग त्याने मला फोन केला.

सरळ विचारते. तू मरायचं ठरवतो आहेस का?

उत्तर शैलेंद्रला दे, आत्ता. मला नको देऊस हवं तर. मी आपल्या डॉक्टरांशी बोलले आहे, त्या उद्या सकाळी याच फोनवर फोन करतील. घ्यायचा. रंग, थिनर, पाती, सगळं शैलेंद्र त्याच्या गाडीत ठेवणार आहे. त्याच्यावर चिडू नकोस, मी सांगितलं आहे. आणि रात्री तो तुझ्याच खोलीत झोपेल. तो घोरतो म्हणे. सहन कर.

गेल्या आठवड्यात मी तुला एक पत्र लिहिलं होतं, तुझी यात काही चूक नाही म्हणून. लिहून फाडलं. सगळे तुला तेच सांगत असणार. शैलेंद्र सांगतो, तुझे कामावरचे सांगतात. तू ऐकतोस आणि तुला कळतं की या लोकांना काही समजलेलं नाही, आणि मग तू आणखी एकटा पडतोस. मी तुला ओळखते.

म्हणून मी तसं म्हणणार नाही. आई बहुतेक तुझ्याकडूनच आजारी पडली. तू तिला जपत होतास तेव्हाच पडली. मला राग येतो. सकाळी उठल्यावर पहिला येतो, दात घासायच्या आधी. पण तो राग काढायला माझ्याजवळ दुसरं कुणी नाही, सुजित. ज्याच्यावर रागवायचं तो माणूस घरात नको का? तूही गेलास तर मी हा घेऊन कुणाकडे जाऊ? भास्करकडे? सुमेधाकडे?

मी इतकंच मागते. उद्याचा फोन घे. मग परवाचं बघू.

मानसी


२५ ऑक्टोबर २०२०

सुजित,

काल पार्कमध्ये जे बोलता आलं नाही ते लिहिते. आता तू वाचतोस हे मला माहीत आहे, म्हणून लिहिणं सोपं नाही, उलट अवघड झालं आहे.

आज विजयादशमी. आई असती तर सकाळीच पांढरी साडी नेसून बसली असती. यंदा दीक्षाभूमीवरही कुणी जमणार नाही, तिला ते ऐकून माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं असतं. सुमेधाने मेणबत्त्या लावल्या. आम्ही दोघींनी पंचशील म्हटलं. पहिल्या शीलापाशी, जीवहत्या न करण्याच्या, ती जरा अडखळली, मग पुढे गेली.

पंचवीस किलोमीटरची परवानगी मिळाल्यावर लगेच निघावं असं मला वाटलं होतं, आणि तरी मी आठवडाभर थांबले. का, ते तुला सांगायचं आहे. तुला पाहिल्यावर काय होईल याची मला भीती वाटत होती. तू दिसलास आणि मला नुसतं बरं वाटलं तर, याची भीती. मग आईचं काय, असं वाटायचं.

तू त्या बाकाकडे चालत येताना मी आधी ओळखलंच नाही. शैलेंद्र तुझ्यामागे दूर, बदकांपाशी उभा राहिला, फोनमध्ये तोंड घालून, आपण काही ऐकत नाही हे दाखवत. जाकीट तुला सैल झालं आहे. दाढी पांढरी आली आहे. मास्कवरून फक्त डोळे दिसत होते, साधा निळा कागदी मास्क, आणि तू बाकाच्या दुसऱ्या टोकापासूनही लांब, गवतावर उभा राहिलास. आमच्या दुकानातला स्टिकर चिकटवल्यासारखा.

तू विचारलंस, "अजून येतो राग?"

मी म्हटलं, "हो."

मला वाटलं तू जाशील. तू गवतावर बसलास. ओलं होतं ते. आणि मग इतके महिने हॉस्पिटलात, फ्युनरलला, घरी, कुठेच रडला नाहीस तो तिथे रडलास. एक कुत्रं घेऊन चाललेली बाई थांबली, "यू ओके, लव्ह?" म्हणाली, मला वाटतं मला विचारलं की तुला ते तिलाही कळलं नाही. मी हो म्हटलं. तुझ्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं आणि ठेवला नाही. नियमामुळे नाही. ठेवता आला नाही. हे तुला कळायला हवं, नाहीतर तू दुसरंच काही समजशील.

तू म्हणालास, इतवारी मोडून टाक. तेवढ्यासाठी मी तुला आयुष्यात माफ करणार नाही, सुजित, बाकीचं बघू. तिची डावी बाजू आईने केली आहे. उजवी बाजू करडीच राहील. मी आता तिला हात लावणार नाही आणि तूही लावायचा नाही. भिंतीकडे उजवी बाजू करून ठेवू. सिनेमाच्या स्टुडिओतली मॉडेलं नाहीत का, कॅमेऱ्याला न दिसणारी बाजू कुणी रंगवतच नाही.

सुमेधा गाडीतून उतरणार नाही म्हणाली होती. "आय विल जस्ट सिट." मग तू बसलेला दिसलास तशी ती उतरली. तिने तुला काय विचारलं ते मी ऐकलं.

"बाबा, डिड यू नो? त्या मास्कचं?"

"माहीत होतं बेटा. पण तेव्हा डोक्यात आलं नाही."

तिला दुसरं उत्तर हवं होतं. सरळ नाही म्हणाला असतास तर तिला सोपं गेलं असतं. ती तुझ्याकडे बघत राहिली, तिची ती नजर आईसारखी आहे, वर्गातल्या पोराकडे बघतात तशी. मग म्हणाली, "ओके." आणि थोड्या वेळाने, "आजीने मला पण भरवायला सांगितलं होतं. मला एम्बॅरेसिंग वाटलं म्हणून मी नाही म्हटलं. यू डिड इट." आणि गाडीत जाऊन बसली.

परत येताना सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "ही शुड कम होम. इट्स वीअर्ड." मी म्हटलं, तुला चालेल? म्हणाली, "मला माहीत नाही. पण तिकडे तो अजून वीअर्ड होतोय."

तर हे आमचं दोघींचं बोलावणं आहे. याहून चांगलं आम्हाला जमत नाही.

आलास तर आईच्या खोलीत झोपायचं. माझ्या खोलीत इतक्यात नाही. आईच्या खोलीत आम्ही कुणी जात नाही, आणि ती अशी बंद राहिली तर आपण तिला घाबरायला लागू. पलंगाची चादर मी बदलून ठेवते. डॉक्टरांचे फोन चालू ठेवायचे. भास्करशी तू बोलायचं की नाही ते तुझं तू ठरव, पण तो बोलायला आला तर तोंड फिरवायचं नाही. तोही आईचाच आहे.

मानसी


३१ ऑक्टोबर २०२०
घरी

सुजित,

तू झोपला आहेस म्हणून लिहून ठेवते. आवाज देऊन उठवलं असतं, पण शैलेंद्र म्हणाला की तिकडे तू सलग दोन तासांच्या वर कधी झोपलाच नाहीस. मला दुकानात जायचं आहे, शनिवार असून बोलावलं आहे. सगळं उघडतं आहे, आता सगळ्यांना 'पुन्हा सुरू' असे बोर्ड हवेत. सुमेधा घरी आहे, तिच्या खोलीत. तिला हाक मारली तर ती लगेच येणार नाही, आवाज ऐकू गेला नाही असं दाखवेल. पुन्हा मारू नकोस. येईल.

मी सकाळी भास्करला फोन केला. रविवारची वाट पाहिली नाही. सुजित घरी आला आहे, म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "बरं." मग विचारलं, "ताई, तू ठीक आहेस?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मीही नाही. त्याला रडू आलं असावं, पण त्याने लॅबमधून कुणी हाक मारतंय असं सांगून फोन ठेवला. शनिवारी त्याची सुटी असते.

तुला एक सांगायचं आहे. हे तोंडाने मला कधी सांगता येणार नाही, म्हणून आत्ता.

मघाशी तू झोपल्यावर मी आईच्या खोलीच्या दाराशी गेले. दार अर्धं उघडं होतं. तू भिंतीकडे तोंड करून झोपला होतास, जाकीट अंगावरच होतं. तुझा श्वास ऐकू येत होता, जरा घरघरता, तुझा नेहमीचा. मी तो ऐकत उभी राहिले. याच श्वासाने माझी आई गेली, हे माझ्या मनातून एक क्षणही गेलं नाही. मला वाटलं होतं तू घरी आलास की ते थोडं कमी होईल. झालं नाही. मग तू कूस बदललीस आणि श्वास मध्येच अडकला. माझा हात चौकटीवर आवळला गेला. तो पुन्हा सुरू होईपर्यंत मी तिथून हलले नाही, आणि सुरू झाल्यावरही बराच वेळ नाही.

मानसी